पोपटी दोऱ्याचे तीन टाके

सुमनमावशीला कपडा सुलट बघताच येत नसे. कुणी नवी साडी दाखवो, पोराचा शाळेचा शर्ट दाखवो, नाहीतर दुकानातून आणलेला भारी ड्रेस दाखवो, तिचा डावा हात आधी कपड्याच्या आत शिरायचा आणि शिवण बाहेर काढायचा. रंग, नक्षी, बटणं हे सगळं तिच्या लेखी नंतरचं. माझ्या लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली, भटजी घाई करताहेत, आणि मावशी माझ्या शेरवानीचा काठ उचलून आत डोकावते आहे. "वरतून काय देखस? उलटं करीसन देख," ती शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाली. "अस्तर फक्त चिकटाडेल शे. टिकाव नही." शेरवानी सासऱ्यांनीच हौसेने घेतली होती. त्यांचा चेहरा पडला. पाचपरतावणाला गेलो तेव्हा अस्तर खरोखरच लोंबत होतं.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हती. तिचं आणि माझ्या आईचं माहेर अमळनेरकडचं, एकाच गावचं, तेवढ्यावर ती मावशी झाली. दोघी वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने सुरतेला आल्या. माझे वडील लूमवर होते, मावशीचे यजमान तुळशीराम शिंपीकाम करायचे. लिंबायतमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची एक मशीन होती. मावशीला शिवण त्यांनीच शिकवली. ते उजव्या हाताचे, ही डावखुरी. एकच स्टूल असल्यामुळे ते मशीनच्या एका बाजूला आणि ही समोर जमिनीवर. म्हणजे ती सगळं काम समोरून बघून शिकली. त्यांचा टाका उजवीकडे कलायचा, हिचा डावीकडे. "त्यानी माले समोर बसाडं, म्हनीसन मन्हं बठं उलटं," म्हणजे माझं सगळंच उलटं, असं ती सांगायची आणि त्यात तिला कौतुक वाटायचं. तुळशीरामकाका गेल्यावर मशीन आणि डावीकडे कलणारा टाका एवढंच तिच्याकडे उरलं, आणि एक मुलगी, रेखा.

सुरतेबाहेर कडोदऱ्याला आमच्या शेठचा शिलाईचा हॉल होता. कुर्त्या शिवायच्या. चाळीसेक बायका, निम्म्या खानदेशातल्या, काही भुसावळकडच्या रेल्वेतल्या घरांतल्या, उधन्याच्या बौद्ध वस्तीतून येणाऱ्या. मावशी तिथली पहिली कारागीर. कंपनीची प्रत्येक नवी कुर्ती आधी तिच्या हातून निघायची, मग बाकीच्या तिच्याकडे बघून शिवायच्या. मी डिप्लोमा करून घरी बसलो होतो तेव्हा तिनेच मला शेठसमोर उभं केलं. "शेठ, मेरी बहन का लडका है. हुशार है. झूठ नहीं बोलता," असं ती तिच्या हिंदीत म्हणाली. ती शिफारस आजही कानात आहे. पहिल्या दोन गोष्टींबद्दल काय म्हणावं ते म्हणा, तिसरीबद्दल मी पुढे सांगणारच आहे.

हॉलवर मी सॅम्पलचं बघायचो. म्हणजे डिझाइन आलं की मावशीकडून एक नमुना शिवून घ्यायचा, मापं लिहायची आणि तो शेठकडे पोचवायचा. पहिल्याच आठवड्यात मी एक कुर्ती तपासून बाजूला ठेवली तर मावशीने ती उलटी करून माझ्या मांडीवर टाकली. आत शिवणीचा एक कोपरा सुटलेला होता. दुपारी डबा खाताना आपल्या डब्यातलं भरीत माझ्या भाकरीवर वाढत म्हणाली, "डोया समोर ठेवी ते कोनलेबी दिखास. आतलं देखनं हाई काम शे." तिची शिकवण्याची रीत अशी होती. रागावायची नाही. पोटभर खाऊ घालायची आणि मग सांगायची.

तिच्या कुर्तीची एक खूण होती. कुर्तीचा बाजूचा कट जिथे सुरू होतो, तिथे चालताना ओढ बसते आणि शिवण फाटते. त्या जागी ती आतल्या बाजूने हाताने तीन आडवे टाके घालायची, डावीकडे कललेले. मशीनने पक्कं केलेलं असलं तरी घालायचीच. "बाई चालनी तं पहिले आठेच फाटस," म्हणायची. दोरा नेहमी कापडाच्या रंगाचा. ते टाके कुणाला दिसायचे नाहीत, पण त्या कुर्त्या फाटायच्याही नाहीत.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडद निळ्या कुर्तीचं सॅम्पल करायचं होतं. शेठने मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, हे सॅम्पल बांगलादेशातल्या एका कारखान्यात जाणार आहे, तिथे स्वस्तात शिवून मिळतं, जमलं तर सगळी शिलाई तिकडेच देऊ. कडोदऱ्याच्या हॉलचं काय, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा नुकती बढती मिळाली होती आणि पुढची दिसत होती. मावशीला मी सांगितलं, मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायचं आहे. ती खूश झाली. दोन दिवस तिने त्या कुर्तीवर जीव लावला. मी शेजारी बसून मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होतो. कापड कसं धरायचं, गळा कुठे सैल सोडायचा, बाही बसवताना कुठे थांबायचं, सगळं तिने सावकाश करून दाखवलं. "नव्या पोरींना शिकवायला," असं मी म्हणालो होतो. व्हिडिओच्या शेवटी तिने फोनकडे बघून हात जोडले.

शेवटचे तीन टाके राहिले आणि निळा दोरा संपला. "थांब, रस्तावरना दुकानमाईन दोरा लई येस मी," ती उठली. कुरिअरवाला खाली उभा होता. मी म्हणालो, "मावशी, सॅम्पलच आहे. आतलं कोण बघतंय? असेल त्या दोऱ्याने घाल." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तिला शिवी दिली होती. मी पुन्हा घाई केली. मशीनवर पोपटी दोऱ्याचं रीळ होतं. तिने नाइलाजाने पोपटी दोऱ्याने तीन टाके घातले, दोन्ही बाजूंना, आणि कुर्ती माझ्या हातात देताना म्हणाली, "हाई बरं नही दिखस."

तीन महिन्यांनी हॉल बंद झाला. शेठने कारण सांगितलं नाही. ऑर्डर कमी आहे, एवढंच. बायका फाटकाशी जमल्या, कुणी रडत होत्या, कुणी भांडायच्या पवित्र्यात होत्या. मावशीने मला बाजूला घेतलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "दिलीप, खरं सांग. ते पोपटी टाका नडनात का रे?"

इथे थांबावंसं वाटतं. हे लिहिताना तीनदा थांबलोही. तिला नाही म्हणायला मला काहीच लागणार नव्हतं. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता की मग कशामुळे, आणि त्याचं उत्तर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं, सॅम्पलबरोबर बांगलादेशला पाठवलेल्या व्हिडिओत, तिनेच हात जोडून पुरं केलेलं. मी खाली बघत म्हणालो, "असेल, मावशी."

ती तशीच फाटकाशी गेली आणि बायकांना म्हणाली, "चूक मन्ही शे. मी पोपटी टाका घालीसन सॅम्पल खराब करं. शेठले काही बोलू नका." चाळीस बायकांची बोलती बंद झाली. भांडण जागच्या जागी मिटलं. शेठने नंतर मला विचारलं, एवढं शांतपणे कसं उरकलं? मी सांगितलं, समजावलं त्यांना. त्या वर्षी माझा पगार वाढला.

बायकांनी मावशीला माफ केलं असं म्हणता येणार नाही. तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी इंदूबाई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. इंदूबाईचा नवरा आजारी होता आणि तिच्या एकटीच्या कामावर घर चाललं होतं. मावशीने मात्र ती चूक अंगावर घेतली ती नुसती बोलण्यापुरती नाही. उन्हातान्हात रिंगरोडच्या मार्केटमध्ये फिरून तिने एकेकीला काम शोधून दिलं. कुणाला साड्यांना लेस लावायचं, कुणाला टिकल्या चिकटवायचं, कुणाला घडी घालायचं. इंदूबाईच्या दारात साड्यांचा गठ्ठा स्वतः डोक्यावरून नेऊन ठेवला आणि न बोलता परतली. सगळ्या बायकांची सोय लागली तेव्हा शेवटी स्वतःसाठी काम घेतलं. मला हे रेखाने सांगितलं. मी तोपर्यंत मावशीच्या गल्लीतून जायचं टाळू लागलो होतो. लिंबायतमधून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेसूच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, त्यामुळे टाळायलाही सोपं गेलं.

बांगलादेशातून पहिला माल आला त्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये खोकं उघडलं. मी सवयीने कुर्ती उलटी केली. आत कटाच्या वर दोन्ही बाजूंना तीन पोपटी टाके, डावीकडे कललेले. दुसरी काढली, तिसरी काढली. हजारो कुर्त्या, प्रत्येकीत पोपटी टाके. तिथल्या माणसांनी सॅम्पल जसंच्या तसं उतरवलं होतं, मावशीच्या संपलेल्या दोऱ्यासकट. शेठ पोट धरून हसले. "जुओ दिलीपभाई, भूल पण कॉपी करी!" चूकसुद्धा उतरवली म्हणे. मीही हसलो. अगदी मनापासून हसलो, हे लिहिणं भाग आहे. मग शेठ म्हणाले, राहू दे, आपली खूण होईल. ते टाके सहा वर्षं आमच्या कुर्त्यांची खूण म्हणून राहिले. दर खेपेला खोकी उघडली की मला ते दिसायचे. हळूहळू दिसेनासे झाले, म्हणजे डोळ्यांना त्यांची सवय झाली.

मनाला मात्र झाली नाही. गेल्या दोन वर्षांत मी शेठच्या मागे लागलो की शिलाई परत घरी आणू या. कारणं खरी होती आणि मी ती दर बैठकीत मांडायचो. तिकडून माल यायला उशीर होतो. फॅशन बदलते तोवर खोकी समुद्रात असतात. थोडा माल हवा असेल तर ते घेत नाहीत. गिऱ्हाईक आता विचारतं की हे शिवलं कुठे. कापड सुरतेचं, रंग सुरतेचा, मग सुई-दोराच तेवढा परदेशात कशाला? मी तक्ते केले, बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या सभांत बोललो, इतर कपडेवाल्यांनाही पटवलं. लोक मला मानू लागले. शेठ म्हणायचे, "दिलीपभाई, तमने शुं थई गयुं छे?" काय झालं होतं ते मी कुणाला सांगणार? मला वाटत होतं, हॉल पुन्हा सुरू झाला की सगळं मिटेल. कुणाला काही सांगावं लागणार नाही.

शेठ अखेर तयार झाले. कडोदऱ्याचाच जुना हॉल, तीस मशीन, आधी करून बघू. एक अट त्यांनी घातली. "पेली डाबोडी बेन क्यां छे? एने लावो." ती डावखुरी बाई हवी.

मी मावशीकडे गेलो. चार वर्षांनी. ती दारातच साडीला लेस लावत बसली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला बघून कसलीही तक्रार नाही. "ये, दिलीप. वाळेल दिखस," म्हणत आत चहा ठेवायला गेली. मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो. हॉल उघडतोय, बायकांना परत घेतोय, तूच मुख्य. कशी कुर्ती करायची ते दाखवायला मी सध्याच्या मालातली एक निळी कुर्ती बरोबर नेली होती. पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. त्या टाक्यांची मला इतकी सवय झाली होती की ते मला आठवलेही नाहीत. माणूस स्वतःच्या पापाला किती सरावतो, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

तिचा डावा हात आत गेला. कुर्ती उलटी झाली.

स्टोव्हवर चहा उतू गेला तरी ती उठली नाही. अंगठ्याने ते टाके चाचपत राहिली. मग लेबल बघितलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, रेखाला हाक मारून वाचून घेतलं. रेखाने देशाचं नाव वाचलं.

"हाई कोनी शिवेल शे?" मावशीने विचारलं.

"तिकडच्या बायकांनी," मी म्हणालो.

"बऱ्या शिवतस," ती म्हणाली. त्या बायकांवर तिचा राग नव्हताच. बराच वेळ ती काहीतरी जुळवत होती. मग तिचा चेहरा एकदम उजळला, आणि तो उजळलेला चेहरा मला कुठल्याही शिव्यांपेक्षा जास्त लागला. "म्हंजे मन्हं सॅम्पल पसंत पडेल व्हतं," ती म्हणाली. "रेखा, ऐकनी का? पसंत पडेल व्हतं."

मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "आनि तुले म्हाईत व्हतं. सहा वरीस."

मी काहीतरी बोललो. शेठ, नोकरी, त्या वेळची परिस्थिती. तिने ऐकून घेतलं. हातातली कुर्ती नीट सुलट करून घडी घातली. "मी कामले येसू," ती म्हणाली. "बाया बी लयसू. फक्त पहिल्या दिनले तू बठास्ना समोर सांग, की सुमननी चूक नव्हती. येवढंच सांग." तूच का नाही सांगत, असं मी विचारलं, कारण माझ्यात तेवढीही लाज उरली नव्हती. ती म्हणाली, "मी सांगसू तं बाया म्हनतीन, सुमन सोतानं झाकी राहिनी. तूच सांगाले पाहिजे." मी हो म्हणालो. आईची शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ नको, सांग. कुर्ती तिने ठेवून घेतली.

उद्घाटनाच्या आधी मी आणखी एक काम केलं. नव्या कुर्तीच्या मापाचा कागद मीच तयार करत होतो, त्यातून ते तीन टाके काढून टाकले. कारण शेठना सांगितलं, वेळ वाचेल. खरं कारण हे की जुन्या बायकांनी ते टाके पाहिले असते तर सॅम्पल पसंत पडलं होतं हे मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं असतं. म्हणजे तेव्हाही मी सांगणार नव्हतोच, हे आता मला कळतं. तेव्हा मी स्वतःला म्हणत होतो, आधी माझ्या तोंडून कळू दे.

उद्घाटनाला मशीनला हार घातला, नारळ फोडला, मागे "घरचं कापड, घरची शिलाई" असा फलक होता. तो मजकूरही माझाच. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. इस्त्रीची साडी, आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तिने ठेवून घेतलेली निळी कुर्ती होती. मला दाखवायला सोपं जावं म्हणून तिने आणली होती. शेजारी इंदूबाई. सहा वर्षांनी त्या दोघी शेजारी बसल्या होत्या.

मी बोलायला उभा राहिलो. शेठ उजव्या हाताला बसले होते, सोबत त्यांचे चार व्यापारी मित्र, ज्यांनी असेच हॉल उघडावेत म्हणून मी वर्षभर खपलो होतो. मी कामगारांच्या हाताबद्दल बोललो, गावच्या रोजगाराबद्दल बोललो, परक्या बंदरांवर अडकलेल्या खोक्यांबद्दल बोललो. टाळ्या मिळाल्या. सुमनबेनसारख्या कारागिरांचं नाव घेतलं, त्यावरही टाळ्या मिळाल्या. मावशी टाळ्या वाजवत नव्हती, दोन्ही हात पिशवीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. आता सांगावं, असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा नजर शेठकडे गेली. मग मी आभार मानले आणि बसलो. मावशीने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि उठून आपल्या मशीनवर जाऊन बसली.

दुपारी मी तिच्याजवळ गेलो. मापाचा कागद तिच्यासमोर होता, उद्घाटनाला आलेल्या रेखाकडून वाचून घेतलेला. "आते पोपटी दोरा लागाव नही का, दिलीपभाई?" तिने विचारलं.

आईच्या पोटात होतो तेव्हापासून ती मला ओळखत होती. दिल्या म्हणाली होती, दिलीप म्हणाली होती, चिडली की नाव न घेता पोऱ्या म्हणाली होती. दिलीपभाई मला ऑफिसात म्हणतात, बँकेत म्हणतात. मी म्हणालो, नाही, तो आता नको. ती म्हणाली, बरं, दिलीपभाई. पुढचे पाच महिने तिने मला दुसरं काही म्हटलं नाही. काम चोख केलं, नव्या मुलींना शिकवलं, डबा खाताना मी दिसलो तर "जेवा" म्हणाली. माझ्या ताटात काही वाढलं नाही.

एकदा रविवारी घरी जाऊन मी म्हणालो, "मावशी, योग्य वेळ बघून सांगतो." तिने मान हलवली. तिला बरं नव्हतं, पाय सुजले होते, दम लागत होता. सिव्हिलमध्ये ठेवलं तेव्हा मी भेटायला गेलो. तिने हात लांब करून माझ्या शर्टाची बाही धरली, उलटी केली, शिवण बघितली आणि सोडून दिली. तेवढंच. चार दिवसांनी ती गेली.

दहाव्याला तापीकाठी हॉलवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. विधी झाल्यावर रेखाने माझ्या हातात ती पिशवी दिली. "आई म्हणाली होती, हे दिलीपभाईंचं आहे, परत दे." गाठ तशीच होती. शेजारी इंदूबाई डोळे पुसत दुसऱ्या बाईला म्हणत होती, "बाई सोन्यासारखी होती. ते तीन टाके तिनं घातले नसते तर आपली सहा वर्षं वाया गेली नसती. पण आता मेलेल्या माणसावर काय राग धरायचा?"

म्हणजे मेल्यावरही ती चूक तिच्याच नावावर होती. मी गाठ सोडायला गेलो, सुटेना, पिशवी फाडली. कुर्ती उलटी करून इंदूबाईच्या हातात दिली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, व्हिडिओपासून "असेल, मावशी"पर्यंत. बायका जवळ आल्या. एकीकडून दुसरीकडे कुर्ती फिरली. प्रत्येकीने त्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

इंदूबाईने विचारलं, "ती जिवंत होती तवा का नाही सांगितलं, दिलीपभाई?"

बायकांनी उत्तरासाठी वाट बघितली नाही. कुर्ती रेखाला देऊन त्या रिक्षांकडे निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात कडोदऱ्याहून जो माल निघाला, त्यातल्या प्रत्येक कुर्तीच्या आत कटाच्या वर पोपटी दोऱ्याचे तीन टाके होते, डावीकडे कललेले. उजव्या हाताच्या बायकांना तसा टाका घालायला कुर्ती उलटी फिरवून धरावी लागते. त्यांनी तशी धरली होती. मला कुणी विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं.

शेठचा फोन आला. कागदात नसलेले टाके मालात कसे? मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. म्हणालो, "शेठ, ते कागदातून मी काढले होते, ती माझी चूक. टाके सुमनबेनचे आहेत. सहा वर्षांपूर्वी हॉल बंद झाला तो या टाक्यांमुळे, असं त्यांना वाटत होतं, आणि मी तसं वाटू दिलं. ते खोटं होतं." पलीकडे शेठ कुणाला तरी चहा सांगत होते.

"एम?" ते म्हणाले. "तो राखो ने. एमां शुं?" ठेवा की मग, त्यात काय एवढं. आणि फोन बंद झाला.

मी हातातल्या फोनकडे बघितलं. सगळं बोलणं एका मिनिटाच्या आत संपलं होतं.